पडद्यावरची विधवा

शेजारच्या सुशीलाबाईंनी तरुणपणी कोल्हापुरात सिनेमांत कामं केली. चेहरा सोसलेला, म्हणून दर वेळी विधवाच व्हायच्या. अशा बायकांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. लोक त्यांच्यासाठी रडतात आणि घरी जातात.

शॉट संपला की त्या आधी कुंकू लावायच्या, मगच चहा घ्यायच्या. तरी नवऱ्यानं, म्हणजे अण्णांनी, त्यांचा एकही सिनेमा पाहिला नाही. अभद्र वाटायचं त्यांना.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. अण्णा महिनाभर अंथरुणात आहेत, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. टीव्हीवर बाईंचाच जुना सिनेमा लागला. त्या बंद करायला उठल्या, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. मी गेल्यावर कशी दिसशील, बघू तरी."

"काहीतरीच बोलता!" असं म्हणून बाई त्यांचे पाय चेपायला बसल्या.

पडद्यावर पंचवीस वर्षांची पोर मोकळ्या कपाळानं रडत होती. खरं सांगते, काम बेताचंच होतं. अण्णांनी मात्र नजर हलवली नाही. शेवटी म्हणाले, "रडणं अगदीच खोटं गं तुझं."

"मग काय करणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही घरी माझ्यासाठी जेवायला थांबलेले असायचात. खरं रडू येणार कुठून?"