सालीत कोंडलेली हवा

जाम गावच्या चौकात माझं रसाचं दुकान आहे. पूर्वी संत्र्या-मोसंबीची सालं मी मागच्या नालीत फेकत असे, आणि त्या वासाने गिऱ्हाईक एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने रस प्यायचं. एके दिवशी एक उंच, किडकिडीत माणूस मालवाहू रिक्षा घेऊन दुकानापुढे उभा राहिला. "सालं फेकू नका भाऊ," तो म्हणाला, "मले देत जा."

मला वाटलं, गुरांना घालत असेल. त्याने सांगितलं की याचा कोळसा करतात, आणि तो कोळसा कारखान्याच्या धुरातला गॅस पिऊन टाकतो, त्याच गॅसने म्हणे जग तापून राहिलं आहे. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. हेमराजचं असंच होतं, एखादी गोष्ट त्याला पटली की तिची थट्टा त्याला चालत नसे.

तो मूळचा आंजी मोठी गावचा. बाप शेतमजूर, आणि हा कापसाच्या जिनिंगमध्ये राबता राबता नळ, पाइप, मोटर सगळं शिकला. रविवारी पांढरा सदरा घालून बुद्ध विहारात जायचा आणि सोमवारी पुन्हा काळाठिक्कर व्हायचा. बायको दीपमाला त्याच्याच बरोबर सालं निवडायला होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि जिभेला हाड नसलेली. मला एकदा भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "बापूभाऊ, तुमच्या रसात संत्री कमी अन् पानी जास्त. म्हणूनच आमाले सालं कमी पडून राह्यली." मी तिच्यावर खूप चिडलो, आणि दुसऱ्या दिवशी तिला फुकट रस पाजला.

त्यांचं काम चाले एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेडमध्ये, माझ्या दुकानाच्या मागेच. मालक गजेंद्रसाहेब, बाहेर शिकून आलेला इंजिनियर. सालं वाळवायची, बंद भट्टीत जाळायची, खाराच्या पाण्यात भिजवून धुवायची, मग मोहरीएवढे काळे दाणे तयार होत. ते लोखंडी ड्रममध्ये भरून एका कारखान्याच्या धुराड्याला नेऊन लावायचे. दाणे गॅसने भरले की ड्रम परत आणून तापवायचे, म्हणजे कोंडलेला गॅस बाहेर पडे, पंप तो ओढून सिलिंडरमध्ये भरी आणि दाणे पुन्हा वापरायला मोकळे होत. ड्रमचा कॉक, म्हणजे गॅस सोडायची चावी, हेमराजच्या हाती होता. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला तो खपवून घेत नसे.

शेडमध्ये कापसाच्या गाठी दाबायच्या जुन्या प्रेसखाली एक खोल खड्डा होता. प्रेस भंगारात गेली, खड्डा राहिला. उतरायला लाकडी शिडी, वर फळ्या, आणि मागच्या भिंतीत जमिनीलगत एक वीतभर झरोका, थेट खड्ड्यात उघडणारा. मे महिन्यात इथे डांबर पायाला चिकटतं, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. दीपमालाने खड्डा झाडून काढला, चटई टाकली, फळ्यांवर ओली पोती पसरली आणि रोज दुपारी जेवण झालं की ती तिथे उतरून झोपायची. हेमराजला कामातून सवड नसे, पण ती गारव्याला पडली आहे याचंच त्याला मोठं समाधान होतं.

त्याच मे महिन्यात पंप जळाला.

गजेंद्रसाहेब म्हणाला, "नवा पंप येईपर्यंत गॅस बाहेर सोडा. माल थांबता कामा नये." ज्या गॅसला धरण्यासाठी एवढा खटाटोप, तोच बाहेर सोडायचा. साहेब लोकांचं असंच असतं. हेमराजला ते अजिबात आवडलं नाही, पण त्याने ड्रमला रबरी नळी जोडून ती मागच्या खिडकीतून बाहेर काढली. दोन दिवसांत ती उन्हाने मऊ पडून चिकटायला लागली. वस्तू खराब होताना त्याला बघवत नसे. मागच्या भिंतीशी सावली म्हणावी तर एकाच जागी होती, त्या झरोक्याच्या खोबणीत. त्याने नळीचं तोंड तिथे सारलं आणि घसरू नये म्हणून वर दगड ठेवला.

धूर वर जातो, हे कोणीही सांगेल. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि पाण्यासारखा खोलगट जागी उतरतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो कधी शेडच्या मागे फिरकला नाही.

दीपमाला झोपून उठली की डोकं धरून बसू लागली. ऊन लागलं, असं सगळ्यांनीच ठरवलं. ती कच्चा कांदा खाऊ लागली, एक पदरालाही बांधला. मग म्हणाली, "खड्ड्यात बेडकं मरून राह्यली जी. रोज झाडून काढतो." नंतर मच्छर अगरबत्तीची गोष्ट निघाली. खाली काडी ओढली की फुर्र करून विझते, वर आणली की नीट जळते. हेमराज म्हणाला, पोती ओली, म्हणून काड्या दमट. त्याला मी दुकानातली नवी काडीपेटी दिली. तीही खाली विझली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून काडीपेटीवाल्याला शिव्या दिल्या.

हे सगळं दीपमाला माझ्या दुकानात रंगवून सांगत होती, तेव्हा गजेंद्रसाहेब रस पीत उभा होता. त्याचा पेला अर्ध्यावर थांबला. "कुठल्या खड्ड्यात?" त्याने विचारलं. तिने हाताने शेडकडे दाखवलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत गाडीत बसला आणि गेला. त्याला त्या क्षणी कळलं होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असेल तर त्याचं कधीही भलं होऊ नये.

चार-पाच दिवसांनी मालाची घाई निघाली. त्या दुपारी एकाऐवजी दोन ड्रम तापवायला लावले.

मी सालांची पोती टाकायला शेडमध्ये गेलो, तर हेमराज फळ्यांशी वाकून हाक मारत होता. "उठजो वो. चहा मांड." त्याने पोतं बाजूला केलं, दोन फळ्या सारल्या आणि शिडीवर पाय टाकला. तीन पायऱ्या उतरला असेल, तेवढ्यात त्याची मान लुळी पडली. मी सदऱ्याला धरून त्याला वर ओढलं. कसं ओढलं ते माझं मला माहीत. माझंही डोकं गरगरत होतं.

तो बेशुद्ध होता, म्हणून त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. दीपमाला चटईवर नव्हती. शिडीच्या बुडाशी होती, एक हात पायरीत अडकवलेला, तोंड वर आमच्याकडे. दुसऱ्या हातात चप्पल होती, आणि शिडीच्या लाकडावर एकाच जागी एकावर एक चपलेचे मातकट ठसे होते. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी सगळ्या फळ्या काढून, दोर लावून तिला वर आणलं. दवाखान्यात नेऊन काही उपयोग झाला नाही.

खड्डा झोपण्यासाठी नव्हता, असं गजेंद्रसाहेबाने चौकशीत सांगितलं. आता शेडला कुलूप आहे. सालं मी पुन्हा नालीत फेकतो.

हेमराज गाव सोडून गेला नाही. रोज दुपारी दुकानात येतो, बाकावर बसतो आणि एकच विचारतो. "झोपीतच गेली न भाऊ ते?"

"झोपेतच," मी सांगतो. "चटईवर होती. काही कळलं नसेल तिला."

तो मान हलवतो. इतके दिवस मला वाटत होतं, त्याला बरं वाटतं. गेल्या आठवड्यात मात्र माझं सांगून झाल्यावर तो उठला नाही.

"मले ठकठक आवाज आलता," तो म्हणाला.

मी पेले विसळत होतो. हातातला पेला खाली ठेवला.

"मले वाटलं, पत्र्यावर माकडं आली. तिची झोप मोडंल म्हणून मी गोटे घेऊन बाहेर गेलतो. पत्र्यावर कोणीच नव्हतं. म्हटलं पयाली असतील. मंग आत आलो, अन् दुसऱ्या ड्रमचा कॉक खोलला."