मावशीच्या गाठीतले शिपाई

स्पिरिटचा वास आला की मले वाशिमचा तो दवाखाना आठवते. मावशीच्या छातीतली गाठ डाक्तरनं कापून काढली होती, अन् ते भिंगाच्या यंत्रातून पाहून तो पुढचं सांगनार होता. मावशीनं मरायचं पक्कं धरून आपली लाडकी बकरी ननंदेले देऊन टाकली होती. मले ते पाहवे ना. मी डाक्तरची हुबेहूब नक्कल करायचो. लढाईचे दिवस होते, जो तो शिपायाचंच बोले, म्हनून पडद्यामागून त्याच्या घोगऱ्या आवाजात ठोकून देल्लं, "बाई, गाठीत तुमचेच शिपाई घुसले हायेत. लई वर्सं जगसान." मावशी म्हने, "मंग माही बकरी वापस आना." मी हसत वळलो, तं मांगं खुद्द डाक्तर उभा. त्यानं कान धरून मले भिंगापाशी नेलं. जांभळ्या गाठीत बारीक काळे ठिपके मुंग्यावानी शिरले होते. "ह्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, रंग देल्ला म्हनून काळ्या दिसतात. अशा घुसल्या की पेशंट जास्त जगलेले मी पाह्यले. खात्री नाई, पन आशा हाय. तुले कोनं सांगतलं?" मी म्हनलं, "कोनंच नाई, मनानंच ठोकलं." "जा, आता आपल्या आवाजात सांग तिले." मी गेलो, तं तोंडातून शब्द निघे ना. मावशी म्हने, "मघा पडद्यामागून तं चांगला बोलत होता." "तुले माईत होतं? मंग बकरी कायले मांगतली?" "तुहा आवाज रडवा झाला होता, तुले बरं वाटाव म्हनून." बकरी वापस आली, तिच्या करडाइची करडं मावशीनंच वाढवली. त्यातलीच एक आज माह्या दारात हाय. तिच्यापुढं मी साऱ्या गावाची नक्कल करतो, फक्त त्या डाक्तरचा आवाज निघत नाई.