प्रार्थना पोचली, आता रक्त पाठवा

“दिसतंय तरी तसंच,” डॉक्टर म्हणाल्या आणि सोनोग्राफीच्या फिल्म परत पाकिटात सरकवल्या.

मी विचारलं, “तसंच म्हणजे कसं?”

त्या आईकडे बघून म्हणाल्या, “अंडाशयाला मोठी गाठ आहे. पोटात पाणी साचलंय. या वयात दोन्ही एकत्र दिसलं की आम्ही आधी कॅन्सरचाच विचार करतो.”

आईनं पदर सारखा केला. “विचार तुम्ही करा. गाठ कधी काढता ते सांगा.”

माझी आई नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळ्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल तिनं जोडून दिले, त्यामुळे लांबण लावणारा माणूस तिला सहन होत नाही. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे पुण्याला आली. कोथरूडला आम्ही दोघीच राहायचो. मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. पोरगी कॉम्प्युटरवर काम करते याचं आईला भारी कौतुक, आणि रात्री नऊला घरी येते याचा तितकाच राग.

सुरुवात साधी होती. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, परकराची नाडी काचायची. आमचे नेहमीचे डॉक्टर गॅसच्या गोळ्या देत राहिले आणि आई त्या घेत राहिली. बायांनो, हे नीट वाचा. पाळी जाऊन वर्षं झाली असतील, भूक मेली असेल आणि तरी पोट वाढत असेल, तर गॅसच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. सरळ सोनोग्राफी करून घ्या. “वयानुसार होतं” असं कोणी म्हणालं तर त्यांना म्हणावं, कागदावर लिहून द्या.

मग तपासण्यांचं चक्र सुरू झालं. पोटातल्या पाण्याला डॉक्टर असायटिस म्हणतात. सीए-१२५ नावाची एक रक्ताची तपासणी असते. कॅन्सरमध्ये हा आकडा वाढतो. इतर कारणांनीही वाढतो, पण ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. आईचा वाढला होता. ऑफिसात इंटरनेट फुकट होतं, तिथेच घात झाला. दुपारभर मी नको नको ते वाचत बसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आमच्या घरात देवाला साकडं घालायची सोय नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. संध्याकाळी वंदना व्हायची, पण तिच्यात मागणं नसतं. आईचं कळल्यावर विहारातल्या बाया आल्या, त्यांनी मेणबत्त्या लावून पाठ केला, सगळ्या जिवांचं भलं चिंतलं आणि आईच्या हातचा चहा पिऊन गेल्या. आई शांत झाली. मी मात्र धुमसत होते. मला सगळे जीव नको होते, मला माझी आई हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या ओळखीच्या सगळ्यांना एक मेल टाकला. “माझी आई आजारी आहे. ज्याला जशी येते तशी तिच्यासाठी प्रार्थना करा.” पाठवला आणि कितीतरी दिवसांनी दोन पोळ्या पोटभर खाल्ल्या.

बाप रे, काय काय आलं! कोणी दर्ग्यातला धागा दिला, कोणी चर्चमधलं तेल. आमचे मॅनेजर केतकर रेकीवाले. त्यांनी कळवलं की रोज रात्री नऊ वाजता ते आईकडे ऊर्जा पाठवतील. शेजारच्या टेबलावरची शर्मिला देवळातून अंगाऱ्याची पुडी घेऊन आली. मुलगी मनाची चांगली, पण पुडी हातात ठेवताना आवाज खाली आणून म्हणाली, “तुमच्यात चालतं ना गं?”

तो ‘तुमच्यात’ मला बरोबर लागला. एरवी मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण तेव्हा मी “चालतं” म्हणाले आणि पुडी पर्समध्ये टाकली. घरी येऊन धागा, तेलाची बाटली आणि अंगारा, सगळं आईच्या उशीखाली सारलं.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी आई उशीचा अभ्रा बदलायला गेली आणि सगळं बाहेर आलं.

“हे काय आहे?”

मी मेलचं सांगून टाकलं. केतकरांच्या ऊर्जेचंसुद्धा.

“माझ्या बापानं गावाशी भांडून देव सोडले,” आई म्हणाली, “आणि तू ते पुडीत बांधून माझ्या उशीखाली आणून ठेवले? आणि त्या केतकराला सांग, रात्री नऊला एक्स्चेंज बंद असते.”

मीही भडकले. “हो, ठेवले. तुला काही मागायचं नसेल तर नको मागूस, मला मागायचंय. मला देव नको होता गं आई, पण मी एकटीनं किती दिवस हे ओढू? कोणालातरी सांगायचं होतं. लोकांना प्रार्थनाच येते, म्हणून प्रार्थना मागितली.”

आई पलंगावर बसली. मला वाटलं आता हिला माझी दया येईल आणि ती डोक्यावरून हात फिरवेल. कसलं काय!

“रडून काहून राहिली? बॅग भर,” ती म्हणाली.

हॉस्पिटलात भरती झाल्यावर सिस्टरनी सांगितलं, ऑपरेशनला दोन बाटल्या रक्त हाताशी लागेल, रक्तपेढीत बदली रक्तदाते आणा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळे नातेवाईक नागपूरला. माझं वजन कमी, म्हणून रक्तपेढीनं मला बाहेरूनच परत पाठवलं.

आई कॉटवरून सगळं ऐकत होती. तिनं मला जवळ बोलावलं. “तू ज्यांना मेल केला, त्यांनाच आता दुसरा कर. मी सांगते तसं लिही. तुझं शहाणपण त्यात घालायचं नाही.”

मी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन, खाली हॉस्पिटलचा पत्ता घालून पाठवलं. “तुमची प्रार्थना पोचली. आभारी आहे. आता रक्त पाठवा. ज्यांना देता येत नाही त्यांनी माझ्या मुलीला डबा आणून द्यावा, ती उपाशी फिरते. देवाला मध्ये घालू नये.”

ऑफिसात पुन्हा तोंड कसं दाखवायचं? कोणी येणार नाही, अशीही खात्री वाटत होती. पुडी आणून देणं सोपं असतं, सुई टोचून घेणं अवघड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तपेढीत गेले तर केतकर आधीच बाकावर शर्टाची बाही दुमडून बसलेले. मागोमाग धागा देणारा इम्तियाज आला, मग ज्यांच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते असे आणखी चारजण. शर्मिलाही आली. तिचं हिमोग्लोबिन कमी भरलं आणि ती रडवेली झाली. पण तिनं मेल नीट वाचला होता. पिशवीत डबा होता, पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी.

केतकर हाताला कापूस दाबून वॉर्डात आले. “काकू, ऊर्जा जाणवतेय का?”

“ती काही पोचली नाही,” आई म्हणाली. “पण हे पोचलं. बसा, तुम्हाला चक्कर येईल.”

शर्मिलानं डबा स्टुलावर ठेवला. थर्मासमधला चहा आईनं स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात ओतला आणि तिच्यापुढे धरला. “घे. तुमच्यात चालतो ना?”

शर्मिलाचा चेहरा लालबुंद झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. आईला हे मीच सांगितलं होतं आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. शर्मिलानं पेला घेतला आणि सगळा चहा संपवला. मग म्हणाली, “चुकलं, काकू.” आई म्हणाली, “होतं. उद्या मेथी आण.”

ऑपरेशनच्या वेळी फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी दाराबाहेर उभी होते. बसवत नव्हतं. मनातल्या मनात कोणाला काय काय म्हणाले ते इथे सांगणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही.

डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आल्या. “साधी गाठ वाटतेय. पण पक्कं हिस्टोपॅथॉलॉजीनंतर.” म्हणजे पूर्ण गाठ तपासून आलेला शेवटचा रिपोर्ट. तो येईपर्यंतचा आठवडा कसा गेला विचारू नका. आई जेवायची, झोपायची, शेजारच्या कॉटवरच्या बाईला दटावून चालायला लावायची. मी नुसती तिच्याकडे बघत बसायचे.

रिपोर्ट आला. फायब्रोमा. तंतूंची गाठ, कॅन्सर नव्हे. पोटातलं पाणीही त्या गाठीमुळेच झालं होतं, गाठ गेल्यावर ते आपोआप ओसरलं. मी डॉक्टरांच्या केबिनमध्येच ढसाढसा रडले. आई म्हणाली, “एवढ्या मोठ्यानं तर तू जन्मताना रडली नाही.”

ऑफिसात लगेच श्रेयाची वाटणी सुरू झाली. अंगारा, धागा, रेकी, प्रत्येकाला आपलंच लागू पडलं असं वाटत होतं. मी कोणाशी वाद घातला नाही. आईला त्यांच्यातल्या कोणाचं रक्त शेवटी चढवावंच लागलं नाही. त्या बाटल्या दुसऱ्याच कोणाला तरी गेल्या असतील. ते ऐकून आई जितकी खूश झाली तितकी स्वतःच्या रिपोर्टवरही झाली नव्हती.

तुमच्या घरी असा रिपोर्ट येईल तेव्हा लोक सांगतील, धीर धरा, बोभाटा करू नका. खुशाल करा. मी प्रार्थना मागितली त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. घरी आलो त्या संध्याकाळी आईनं वंदना केली, मी शेजारी बसले आणि मुद्दाम म्हणाले, “पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा मागेन हं.”

आईनं मेणबत्तीची वात सरळ केली.

“माग ना. मागायला कोण नाही म्हणतं? फक्त नंबर बरोबर लाव.”