फाटकाचे मागचे टोक

आमच्या सोसायटीचे सचिव शाळेत माझ्या वर्गाचे मॉनिटर होते. चुकणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याची त्यांची समाजसेवा तेव्हापासून अखंड चालू आहे.

एका शिमग्यात होळीसाठी मुख्याध्यापकांचे लाकडी फाटक चोरीला गेले. सकाळी मॉनिटरांनी माझ्यासकट सहा चोरांची नावे फळ्यावर मांडली, तीही उंचीच्या क्रमाने.

“यादी अचूक आहे,” सर म्हणाले. “पण तू कुठे होतास रे?”

“मागचं टोक धरलेलं, सर. माझं नाव लिहिलं तर मॉनिटरकी जाईल ना?”

सरांनी मॉनिटरकी ठेवली. सातवे नाव मात्र त्यांच्याच हातून लिहवून घेतले.

परवा सोसायटीच्या फलकावर पाणी वाया घालवणाऱ्यांची यादी लागली. मी ती वाचत असताना सचिव खाली पाइप लावून गाडी धूत होते. सर आता नाहीत.