कालचे वाटणारे फोटो

बागबाजारच्या घरातलं न्हाणीघर प्रमोद बेहेऱ्यांनी आंघोळीपेक्षा फोटो धुवायलाच जास्त वापरलं. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा अंश कागदात राहिला की फोटो पिवळा पडतो, म्हणून नळाला पाणी असेतो ते धूतच राहायचे. मग सेलेनियमच्या पाण्यातून काढायचे. काळा रंग कसा घट्ट बसायचा. चौऱ्याऐंशी साली बँकेची नोकरी सांभाळून, रविवार-रविवार खिदिरपूरच्या गोदीत उन्हात उभं राहून त्यांनी तिथले हमाल टिपले होते. जोडीला दोस्त मनोहर. तो आपले फोटो एकदा पाण्यात बुचकळायचा नि दोरीला टांगायचा. वर टोमणा, “पम्या, फोटो धुतोस की पापं?”

पंचाहत्तरीच्या तोंडावर सॉल्ट लेकच्या एका गॅलरीला गोदीचे जुने फोटो हवे झाले. प्रमोदरावांचं हे पहिलंच प्रदर्शन, आणि आता पुन्हा कुठलं होतंय! गॅलरीचा अजेय, इथं बंगाल्यांतच वाढलेला मराठी पोरगा, फोटोंची पेटी उघडून बघत राहिला.

“काका, हे तर कालचे वाटतात. कोण मानणार जुने आहेत? मनोहरकाकांचे बघा, कसे पिवळे, डागवाले. एकदम ओरिजिनल!”

“अरे, ते सडलेत.”

“पब्लिकला तेच पाहिजे ना, काका. तसे असतील तर द्या. नाहीतर त्यांचेच लावतो.”

चार दिवसांनी प्रमोदरावांनी पेटीचं झाकण लावलं. मग निगेटिव्ह काढल्या, नव्या कागदावर छापल्या, ब्लीचमध्ये काळा उतरवला आणि सल्फाइडमध्ये बुडवून तपकिरी-पिवळा चढवला. सडक्या अंड्यांचा वास घरभर सुटला. नलिनीबाई नाकाला पदर लावून दारात आल्या.

“अहो, खरे पेटीत नि खोटे भिंतीवर?”

“खरे हवेत कुणाला?”

“मग या सोंगांना इतकं न्हाऊ घालताय ते कशाला?”

“हात ऐकत नाही. आणि या पिवळ्या सेपियाइतकं टिकाऊ काही नाही, नलिनी. मनोहरचे जातील विटून. माझं हे खोटं मात्र नातवंडांनाही पुरेल.”

प्रदर्शनाच्या सकाळी अजेयनं फोटो पालथे घालून पेन पुढं केलं. “काका, मागे सही. आणि प्रिंट केल्याचं साल.”

प्रमोदरावांनी नुसती सही केली. मनोहरनं पाठीवर थाप मारली, “लिही की! आलास ना शेवटी माझ्या लायनीवर?”

प्रमोदरावांनी लिहिलं, १९८४. शाईवर फुंकरही त्यांनीच घातली.