ताईंची पोवळी

रांझी या हिंदी मुलखातल्या आमच्या वस्तीत शेजारच्या ताईंनी खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत पोवळी पाळली होती. पाण्यातली क्षारता आणि कॅल्शियम रोज तपासून, जेवढं घटलं असेल तेवढंच भरून काढणारं द्रावण त्या थेंबाथेंबानं घालत. एकदा त्या नागपूरला गेल्या आणि घरचे द्रावण घालायला विसरले. परतल्या तेव्हा पोवळी पांढरी पडून मरू लागली होती.

"एकदमच ओता ना सगळं," मी म्हणालो.

"एकदम ओतलं तर उरलेली पण मरून जातील, भैया. मी प्रमाण हळूहळूच चढवून राहिली."

अधूनमधून एखादं पोवळं मरे. ते बाहेर काढून ताई पुन्हा ठरलेले थेंबच सोडत. त्यांना घाई करताना मी कधी पाहिलं नाही. अखेर एकच पोवळं वाचलं, पुन्हा फुललं. मला ते दाखवत त्या म्हणाल्या, "चलो, आता हेच वाढवायचं."