भूमेश्वरीबाईचे हात

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव भूमेश्वरी. मी तिला बाई म्हणायचो. आई माझ्या वेळच्या बाळंतपणातच गेली, तेव्हा बाई तेरा वर्षांची होती. मला लहानाचं मोठं तिनंच केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करणार नाही.

लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा गेला आणि ती चोरखमाऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आली. तिच्या पोटी मूल नव्हतं, पण गावात कुठलंही तान्हं लेकरू न्हाऊ घालायचं असलं की बोलावणं बाईलाच. ती अंगणात पाय पसरून बसायची, लेकरू पायांवर पालथं घालायची आणि कोमट तेलानं असं चोळायची की किरकिरं पोरसुद्धा मध्येच झोपून जायचं.

१९९९च्या सुरुवातीला मला मुलगा झाला. नाव ठेवलं इंद्रकुमार, हाक मारायची इंदर. त्याला रोज बाईच न्हाऊ घालायची. धान कापणीला आलं तेव्हा तो आठ महिन्यांचा होता, आणि एकाएकी त्याचे हातपाय सुजले. बोटं टरारून फुगली. हात लावला की किंचाळायचा. मग ताप चढला. डॉक्टरच्या औषधानं उतार पडेना, म्हणून मी बाहेरगावचा एक भगत आणला. त्यानं लेकराकडे धड पाहिलंही नाही, घरातल्या बायांकडे पाहिलं. म्हणाला, "ज्या हातानं तेल लागून राहिलं, तोच हात याले खाऊन राहिला."

टोनही, म्हणजे लेकरं खाणारी बाई, हा शब्द त्यानं उच्चारलाच नाही. उच्चारायला आम्ही होतो.

बाईला मी गुरांच्या कोठ्यात बसवलं आणि इंदरजवळ फिरकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मी कोठ्यात गेलो, तिला ओढत अंगणात आणलं आणि सगळ्यांदेखत तिचे केस कापले. कोणी थांबवलं नाही, पण मी गावाच्या नावानं खडे फोडणार नाही, कात्री माझ्या हातात होती. ती एकदाच बोलली. "इंदर कसा आहे, धनेंद्र?" मी निघ म्हणालो. घरातून बायकोचा हंबरडा ऐकू आला, तेव्हा तिला कळलं.

अकरा वर्षं मी तिचा शोध घेतला नाही. बाजारात एकानं सांगितलं, अर्जुनी मोरगावला आहे, ख्रिस्ती झाली आहे. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. असा मी माणूस.

२०१०मध्ये माझ्या मुलीच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर आलं. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आपल्या भागात फार, म्हणून सगळ्या पोरांचं रक्त तपासत होते. मुलीच्या रक्तात तो अर्धा निघाला, म्हणजे तिला स्वतःला त्रास नाही, पण पुढे तिच्या लेकरांत जाऊ शकतो. मग आम्हा नवराबायकोला बोलावलं. दोघांचंही रक्त तसंच. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहितालिहिता सहज विचारलं, "आधी एखादं मूल दगावलं का? वर्षाच्या आतलं? हातापायांना सूज येऊन?"

बायको माझ्याकडे पाहत राहिली. तिथल्या तिथे जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. इंदरला बाईच्या हातानं नव्हतं खाल्लं. जे काय होतं ते माझ्या आणि माझ्या बायकोच्या रक्तातून त्याच्यात गेलं होतं.

तिसऱ्याच दिवशी मी अर्जुनी गाठलं. बाईला घरी परत आणायचं, एवढं एकच डोक्यात होतं. विचारत विचारत एका पत्र्याच्या प्रार्थनाघरापाशी पोचलो. शेजारच्या अंगणात पांढऱ्या केसांची एक बाई पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर कोणाचं तरी लेकरू होतं. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "बस. याचं होऊ दे."

तिथले पाळक बिसरामजी बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोनं, सुशिलाबाईंनी, मला पाणी दिलं. मी कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"टेसनावर भेटली आमाले," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "डोक्यावरून पदर, दोनी हात पदराखाली. घरी आणली. सडा टाके, भांडे घासे, पण लेकरू जवळ आलं की पळून जाये. मी इचारलं, काऊन? त मने, माज्या हातात वीष आहे. तिले खरंच वाटे, भाऊ."

गावानं तिला टोनही म्हटलं हे मला माहीत होतं. तिनंही ते खरं मानलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. केस कापले त्याहून हे मोठं पाप, आणि ते मला तिथे बसून कळलं.

सुशिलाबाईंनी पुढचं सांगितलं. एका रविवारी बिसरामजींनी बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेल्या एका बाईची गोष्ट सांगितली. लोक तिच्या स्पर्शाचा विटाळ मानत. तिनं गर्दीत चोरून येशूच्या वस्त्राला हात लावला. तो रागावला नाही, उलट सगळ्यांसमोर तिला मुलगी म्हणाला. एवढं ऐकून बाई प्रार्थनेतून उठून गेली. सुशिलाबाई मागे गेल्या, तर ही हातपंपावर हात धूत होती. पुन्हा पुन्हा, साल निघेपर्यंत.

"मी मनलं, काय धुवून राहिली? याच्यावर काईच नाई. आन तिचे वले हात धरून माज्या पोटावर ठेवले. माजी टीना पोटात होती तवा. टीनाची पयली आंघोळ तिनंच घातली. त्याच्या मंग बापतिस्मा घेतला."

लेकरू झोपलं. बाई हात पुसत आली. मी घडी केलेला कागद काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रक्त, शिबिर, डॉक्टरीण. "तुजा काई दोष नव्हता, बाई. लिहून आहे याच्यात."

तिनं कागद हातात घेतला नाही. "देवानं मले मुलगी मनलं, धनेंद्र. तो कागद तू ठेव."

"मंग माफ कर. घरी चाल."

"माफ त कवाच केलं. नाई केलं असतं त जगली नसती." मग म्हणाली, "पण घरी नाई येत. माजं घर हे आहे."

मी ख्रिस्ती झालो नाही, होणारही नाही. पण तिला ज्यानं उभं केलं त्याच्यापुढे त्या दिवशी मान खाली गेली, हे खोटं नाही. परत जायला उठलो तर तिनं बाही धरून मला खाली बसवलं.

"एक सांग. इंदर गेला तवा कोनाच्या मांडीवर होता?"

"मायच्या."

"रडत होता का?"

"नाई. झोपल्यासारखाच गेला."

तिनं पदर तोंडावर घेतला. "मी आठ महिने खेळवला त्याले," ती म्हणाली, "आन तुमी मले त्याच्यासाठी रडूबी देल्लं नाई."

मी तिच्याजवळ बसून राहिलो. माझी परतीची गोंदियाची गाडी येऊन निघून गेली, तरी ती रडतच होती.